अन्नू उठायचा तेव्हा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, दादाला नाही, कॉलेजातल्या एकुलत्या एका मैत्रिणीलाही नाही — आणि तिला तर मी आमच्या घरातलं सगळंच सांगते, भाजी काय होती इथपर्यंत. लिहायला बसले तेव्हाही वाटलं, एवढीशी गोष्ट, हिचं काय लिहायचं? एक लहान मूल दुपारी झोपायचं आणि उठल्यावर चिडायचं. कुणाच्या घरी होत नाही हे? पण गोष्ट खरंच एवढीशी असती, तर पाच वर्षं ती माझ्याजवळ अशी दडून राहिली असती का?

थांबा, आधी घर सांगते. नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला नीट कळणार नाही. आणि ते नीट कळायला हवं.

आम्ही बीरगांवला राहतो. रायपूरचं उत्तरेचं टोक, भनपुरी ओलांडली की आमची वस्ती लागते. चहूकडे कारखाने. सकाळी अंगण झाडलं की दुपारी पुन्हा काळी धूळ, इतकी बारीक की बोटावर घेतली तर बोट चकाकतं. बाबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून इथे कामाला आले आणि इथलेच झाले. आता ते नाहीत. दादा रोलिंग मिलमध्ये आहे, त्याची शिफ्ट बदलत राहते. आमच्या गल्लीत विदर्भातून आलेली आमच्यासारखी बौद्धांची दहाबारा घरं, बाकी छत्तीसगढी आणि बिहारी. शाळा हिंदी. मीही बारावीपर्यंत हिंदीतच शिकले. मराठी लिहायला-वाचायला शिकवलं बाबांनी, विहारातली पुस्तकं आणून, संध्याकाळी अंगणात बसून. माझ्या वयाच्या गल्लीतल्या बाकीच्या मुलांना मराठी समजायची, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. मी मराठीत द्यायची. आईला त्याचा अभिमान होता. मला तर फारच होता.

आणि शीलावहिनी. वहिनी भिलाईच्या. आपल्याच लोकांतल्या, पण त्यांच्या घरी हिंदी बोलायची सवय. त्यांना मराठी समजायची सगळी. बोलायला गेल्या की अडखळायच्या आणि हसून हिंदीवर यायच्या. आई टोमणे मारायची — "शीले, लेकरासंगं हिंदी काहून बोलून राहिली वं? उद्या मले आजी म्हणन का दादीजी?" वहिनी हसायच्या. तेव्हा वाटायचं त्यांना काही लागत नाही. आता तसं वाटत नाही.

छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. जुन्या बंगल्यांवर रातोरात नव्या पाट्या लागत होत्या, भोपाळहून फायलींचे ट्रक येत होते, आणि टाइपिंग येणाऱ्या माणसाला विचारत होतं कुणीतरी. वहिनींना टाइपिंग येत होतं. बारावीनंतर शिकायची त्यांची फार इच्छा होती, घरून जमलं नाही, म्हणून टाइपिंग शिकलेल्या. त्यांना एका नव्या कार्यालयात रोजंदारीवर काम मिळालं. आणि त्याच आठवड्यात, माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाबद्दल आई दादाशी बोलत असताना, वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "सुजाता कॉलेज जाएगी।" एवढंच. वरही पाहिलं नाही. आमच्या घरातलं कुणीच कधी कॉलेजात गेलेलं नव्हतं. ते स्थळ पुढे गेलंच नाही, आणि मी कॉलेजात गेले.

म्हणजे बघा — मी ज्यांच्याशी असं वागले, त्या या वहिनी. हे आधी सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

ठरलं असं की सकाळचं कॉलेज करून मी एकपर्यंत घरी यायचं, आणि तिथून पुढे वहिनी येईपर्यंत अन्नू माझा. अन्नू त्यांचा मुलगा, तेव्हा दीड वर्षाचा. सकाळभर आई सांभाळायची, पण तिला दमा; दुपारपर्यंत ती थकून जायची. मी आले की ती आतल्या खोलीत आडवी व्हायची. मी अन्नूला वरणभात भरवायची, बाहेरच्या खोलीत कूलरसमोर गादी टाकायची आणि त्याला थोपटायची. तो झोपायचा, आणि कसा झोपायचा! दोनचा कारखान्याचा भोंगा साऱ्या वस्तीला हलवून जायचा, पण ह्याची पापणी हलायची नाही. तोंड उघडं, मुठी उघड्या, एक पाय गादीच्या बाहेर.

आणि साडेतीनला उठायचा.

तुम्ही असं मूल पाहिलं असेल. तरी सांगते. आधी एक बारीक कण्हणं. मग डोळे उघडे, पण पाहत कुठेच नाहीत. मग चेहरा हळूहळू चुरगळत जायचा, ओठ खाली वळायचे, आणि एकदम — काय सांगू — कुणी त्याला फसवून इथे आणून टाकल्यासारखा आक्रोश. उचललं की धनुष्यासारखा मागे वाकायचा. पाणी दिलं की पेला फेकायचा. बिस्किट दिलं तर ते चुरडून माझ्या केसांत. खिडकीशी नेलं, "ते पाह्य, गाय!" — गायीवरही ओरडायचा. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. शेजारची दुर्गा दीदी भिंतीपलीकडून छत्तीसगढीत विचारायची, पोराला मारतेस की काय — "का होगे ओ, लइका ल मारथस का?" दर रविवारी विहारात जाणारी माझी आई, असलं काही मानायचं नाही असं आम्हाला शिकवणारी, ती हळूच मीठ आणि मिरच्या त्याच्यावरून उतरवायची आणि मला म्हणायची, "दादाले नको सांगू." मी नाही सांगितलं. त्या घरात गुपितं ठेवायची सवय मला तेव्हापासूनच होती म्हणायची का?

मग एक दिवस असा आला. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता, इतिहासाचा. मी अन्नूच्या गादीपासून हातभर पुढे खाली जमिनीवर बसले होते, त्याच्याकडे पाठ, मांडीवर पुस्तक. साडेतीन झाले. मागे कण्हणं सुरू झालं. मी वळले नाही. खरं सांगते, प्रेमाने नाही, समजून-उमजून नाही — कंटाळून वळले नाही. वाटलं, रडू दे, कसंही केलं तरी रडणारच आहे. एवढी ओळ संपवते आणि मग बघते.

तो रडला. पण थोडंच. मग थांबला. मग कूलरच्या आवाजात मला त्याचे तळहात ऐकू आले, फरशीवर, एक, आणि मग एक. आणि मग माझ्या पाठीला, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, काहीतरी टेकलं. गरम, थोडं ओलं. त्याचं कपाळ होतं ते.

मी हलले नाही. का हलले नाही ते मला आजही माहीत नाही; हलले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. तो नुसता टेकून उभा राहिला. आधी त्याचा श्वास अडकत अडकत येत होता, मग लांब झाला. मग कपाळाच्या जागी गाल आला. मला त्याच्या गालाची प्रत्येक हालचाल पाठीतून कळत होती. तो जागा होता. रडत नव्हता. तो — कसं लिहू — तो परत येत होता. कुठून? मी त्या दुपारी पहिल्यांदा विचार केला, ही मुलं झोपतात तेव्हा जातात तरी कुठे? आपण उठतो ते एका क्षणात उठतो. भिंत भिंतीच्या जागी असते, आपलं नाव आपल्या जागी असतं. त्याला मात्र सगळं एकेक करून गोळा करावं लागत होतं. हे छप्पर. हा कूलर. हा मी. आणि ते गोळा करत असताना कुणी तोंडाशी तोंड आणून "उठला का, उठला का" म्हटलं तर? त्याला कुणाचा चेहरा नको होता. आवाज नको होता. फक्त काहीतरी गरम आणि न हलणारं हवं होतं, टेकायला.

दहा मिनिटं. माझ्या पुस्तकाचं पान तेच, ओळ तीच. मग माझ्या काखेतून त्याचं डोकं पुढे आलं, केस घामाने चिकटलेले, आणि त्याने मला विचारलं, "बकली?"

झोपण्याआधी त्याने दारात एक बकरी पाहिली होती, ती वर्तमानपत्र खात होती. ती कुठे गेली, हे विचारत होता. जिथे सोडून गेला होता, बरोबर तिथूनच.

मी कॉलेजात जात होते, मोठमोठे शब्द ऐकत होते, त्यातले अर्धे कळत नव्हते. पण एखादी मोठी गोष्ट समोर घडताना पाहावी आणि तोंडातून शब्द फुटू नये, असं मला पहिल्यांदा त्या दुपारी झालं, एका पाठीला टेकलेल्या कपाळामुळे.

त्यानंतर मी रोज तसंच केलं. रोज तो आला. साडेतीनला मी गादीशी पाठमोरी बसायची आणि वाट पाहायची, आणि एकदाही असं झालं नाही की तो आला नाही. आई आत झोपलेली असायची. हे कुणालाच माहीत नव्हतं. घरातलं रडणं थांबलं तेव्हा आई म्हणाली, "आत्याच्या हातात गुण हाय." आणि मी काही बोलले नाही. इथपर्यंत मी खोटं बोलले नव्हते. फक्त गप्प होते.

आता मी त्या रविवारापाशी आले आहे.

वहिनी सहा दिवस कामावर असायच्या. अन्नूची दुपार त्यांच्या वाट्याला यायची ती फक्त रविवारी. सकाळपासून त्या साडेतीनची वाट पाहायच्या. हे मला दिसायचं. त्याच्यासाठी काहीतरी करून ठेवायच्या, शिरा, नाहीतर गोल बाजारातून आणलेलं एखादं लाकडी खेळणं. तो कण्हला की धावत यायच्या — "मेरा राजा उठ गया! मेरा राजा!" — आणि उचलून घ्यायच्या. राजा किंचाळायचा. त्यांच्या तोंडावर हात मारायचा. आणि मग, त्यांच्या कडेवरून, माझ्याकडे हात पसरायचा.

असे दोनतीन रविवार झाले. मग एकदा, मी कपडे वाळत घालत होते तिथे गच्चीवर त्या आल्या. ओल्या चादरीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. आणि चादर झटकता झटकता त्यांनी विचारलं, "सुजाता, तेरे पास चुप कैसे हो जाता है? तू क्या करती है?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पाठमोऱ्या बसा, वहिनी. बोलू नका. एवढंच. दोन वाक्यं. ती दोन वाक्यं आणि ही सगळी गोष्ट तिथेच संपली असती, मला आज हे लिहावं लागलं नसतं.

मी म्हटलं, "मी त्याच्याशी मराठीत बोलते न, वहिनी. झोपेतून उठल्यावर त्याले मराठीच समजते वाटते."

कुठून आलं हे? मी ठरवलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. पण नेम न धरताही ज्याचा दगड बरोबर लागतो, त्याला ती जागा आधीपासून माहीत असते, नाही का? त्या सकाळीच आईने पुन्हा दादीजीवरून चिडवलं होतं. वहिनींनी चादर हातातच धरून ठेवली. त्यांना वाटू शकलं असतं की ही पोरगी काहीही सांगते. त्यांना तसं क्षणभरही वाटलं नाही. त्यांना तीच तर भीती होती. त्या म्हणाल्या, "हाँ... सही है। दिनभर वही सुनता है।"

आणि त्या मराठी शिकायला लागल्या.

कार्यालयातून एका बाजूने छापलेले कागद आणून, त्यांच्या कोऱ्या बाजू वर करून त्यांनी दोऱ्याने एक वही शिवली. त्यात लिहायच्या — "उठलं का माझं लेकरू." "काय झालं रे बाप्पा." "ये, माझ्याजवळ ये." अक्षर टाइपासारखं सरळ. मग ती वही माझ्याकडे आणायच्या, तपासायला. आणि मी तपासायची! लाल पेन घेऊन. "माझं" च्या डोक्यावर टिंब द्या, वहिनी. बाबांनी मला जसं शिकवलं होतं, तसं मी त्यांना शिकवलं, आणि मनातून मला छान वाटत होतं. हे मी लपवत नाही. छान वाटत होतं.

बसमध्ये भनपुरीपर्यंत त्या ओठातल्या ओठात म्हणत जायच्या. एकदा शेजारच्या बाईने विचारलं, "कोन सा मंतर पढ़त हस बहिनी?" घरी येऊन त्यांनीच हे हसत सांगितलं. सगळे हसले. मीही.

रविवारी सव्वातीनपासून त्या गादीशी बसायच्या. मी दारातून पाहायची. झोपलेल्या अन्नूवर वाकून, ओठ हलवत, परीक्षेच्या हॉलबाहेर मुली शेवटची उजळणी करतात तशा. तो कण्हायचा. त्या आणखी वाकायच्या, अगदी त्याच्या चेहऱ्यापाशी, आणि काळजीपूर्वक, एकेक शब्द सुटा करून म्हणायच्या, "उठलं — का — माझं — लेकरू? काय — पाह्यजे — तुले?"

तो किंचाळायचा. कुठल्याही भाषेत किंचाळला असता. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

त्या माझ्याकडे वळून विचारायच्या, "गलत बोली क्या?"

मी म्हणायची, "थोडंसं. बोलण्यात हिंदी येते."

मग मी त्याला घेऊन आतल्या खोलीत जायची — रविवारी आई बाहेर दारात बसलेली असायची — आणि पडदा ओढायची. हा पडदा मी मुद्दाम ओढायची. त्याला खाली ठेवून, भिंतीकडे तोंड करून बसायची. त्याचं कपाळ माझ्या पाठीला टेकायचं आणि आवाज थांबायचा. पडद्यापलीकडे वहिनींना तो थांबलेला ऐकू यायचा. आणि मग — इथे मला वाटलं होतं की थोडक्यात आटपेन, पण आटपत नाही — मग तो पूर्ण जागा झाला, शांत झाला, बोलायला लागला, की मी मोठ्याने म्हणायची, "उठलं का माझं लेकरू? काय झालं रे बाप्पा?" बाहेर ऐकू जावं म्हणून. त्यांच्याच वहीतली वाक्यं, माझ्या बाबांच्या मराठीत.

आणि आश्चर्य काय सांगू? ते कपाळ तरीही यायचं. मी काय करते आहे हे त्याला काय माहीत? माझ्या मनात काय आहे हे पाठीतून थोडंच कळतं? इतका मोठा विश्वास, रोज, अशा पाठीवर! मला त्या वेळीही ते कळत होतं, आणि कळूनही मी तिथे बसत होते. मी स्वतःला विचारलं आहे, मला नक्की कशाची भीती होती? वहिनींना जमलं तर माझं घरात काय काम, पुन्हा स्थळ येईल, ही? की कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसायची, सिव्हिल लाईन्सकडच्या मुली "बीरगांव?" असं नाक मुरडून विचारायच्या, आणि जगात एकच जागा होती जिथे मी पहिली होते, ती जाईल, ही? दोन्ही होतं. पण दोन्ही मिळून त्याचं कारण होत नाही. ज्यांनी मला कॉलेज दिलं, त्यांनी त्यांचं स्वतःचं मूल माझ्याकडे मागितलं होतं, आणि मी दिलं नाही. एवढंच ते होतं.

आठनऊ महिने त्यांनी धीर सोडला नाही. मला वाटतं, मी पाहिलेल्या माणसांत इतकं न थकणारं कुणी नाही. मग एका रविवारी, साडेतीनला पाच मिनिटं असताना, त्या उठल्या, मोरीतून बादली घेतली, त्यात धुतलेले कपडे होते. जाता जाता मला म्हणाल्या, "तू देख ले। मेरे से नहीं होगा।" आणि गच्चीवर गेल्या. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "लेकरालेबी समजते, आपलं कोण ते." वहिनी तोपर्यंत चौथ्या पायरीवर होत्या, फार दूर नव्हत्या. त्यांचा पाय थांबला आणि मग पुढे गेला.

त्यानंतर दर रविवारी त्या वेळेला कपडे असत. तो हसायला-खेळायला लागल्याचा आवाज आला, की त्या खाली येत, पदराला हात पुसत, एखाद्याच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो तशा, आणि विचारत, "उठला का?" मराठीत. बरोबर मराठीत.

यालाही आता वर्षं झाली. मी बी.ए. झाले, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वहिनींची मराठी आता इतकी चांगली झाली आहे की आईची जुनी ओळखीची माणसं त्यांना भंडाऱ्याच्याच समजतात. आणि त्यांना मुलगी झाली, मिनू. दवाखान्यातून आणलं त्या दिवसापासून वहिनी तिच्याशी मराठीतच बोलल्या. एक शब्द हिंदी नाही. मी एकदा म्हटलं, राहू द्या न वहिनी, दोन्ही बोला. त्या म्हणाल्या, "नाही बाप्पा. यावेळेस नाही चुकाचं मले." मला त्या दिवशी सांगता आलं असतं. तो दिवसही गेला.

मिनू गेल्या उन्हाळ्यात दीड वर्षाची झाली. आणि एका रविवारी, कूलरसमोरच्या त्याच खोलीत, तिने कण्हून डोळे उघडले आणि तिचा चेहरा चुरगळला. वहिनी मोरीतून धावत आल्या. "उठली का माझी माय? काय झालं वं?" एक शब्द चुकला नाही. मिनूने किंचाळून पाय झाडले.

वहिनी जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. हळूच, कुणालाही नाही, स्वतःशीच म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून तर मराठीच..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. मग त्यांची नजर बादली शोधायला लागली.

मी म्हटलं, "वहिनी, थांबा. इथे बसा. तिच्याकडे पाठ करा. बोलू नका."

"पाठ? रडून राहिली न ती."

"बसा तर."

त्या बसल्या. मी त्यांच्या समोर, भिंतीशी. म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला, आणि तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. मागे मिनूचं रडणं तुटत तुटत गेलं. फरशीवर तळहात वाजले. वहिनींची मान वळायला लागली, मी मानेनेच नको म्हटलं. आणि मग त्यांच्या पाठीला ते टेकलं. कधी टेकलं ते मला त्यांच्या डोळ्यांत कळलं. तोंड उघडं राहिलं. एक हात हवेत वर आला, साऱ्या वस्तीला, भोंग्याला, रस्त्यावरच्या ट्रकांना थांबा म्हणत असल्यासारखा, आणि तसाच राहिला. त्यांना हसू येत होतं, पण हसलं तर पाठ हलेल, म्हणून ते हसू सगळं चेहऱ्यावरच थांबलं होतं. पाय अवघडला तरी त्यांनी सरकवला नाही. नुसत्या ओठांनी, आवाज न करता, त्यांनी मला विचारलं, "असंच असते?"

मी मान हलवली. असंच असते.

चहाच्या वेळी सगळे बसले होते. दादाही घरी होता. वहिनींनी ते दोनदा सांगितलं, पाठ करून बसून दाखवलं. आईने मला विचारलं, "तुले कोणं शिकवलं वं हे?"

मी म्हटलं, "पुस्तकात होतं."

असं कुठलंही पुस्तक मी वाचलेलं नाही. आई दादाला म्हणाली, "पाह्य, याच्यासाठी शिकवाव पोरीले." दादाने मान डोलवली. वहिनींच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक होतं, खरंखुरं. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाल्या, "अन्नूच्या वेळेस आपल्या दोघीलेबी काहून सुचलं नसन वं?"

मी म्हटलं, "हव न. नाही सुचलं."

अन्नू उंबऱ्यावर बसून भोवऱ्याला दोरी गुंडाळत होता. तो आता पहिलीत आहे. दुपारी झोपत नाही.